पर्यायी क्रमांक

केर्डलाच्या साप्ताहिकात एकतीस वर्षं
निधनवार्ता एंडलाच्या हाताखालून गेल्या.
आधी टंकयंत्र, मग कॉम्प्युटर,
शेजारी कायम तोच करडा फोन:
"आडनावात एकच ल ना, की दोन?
सून आधी घालू, की धाकटी लेक?"

मी बेटावर आले ते हे सगळं आपोआप व्हावं म्हणून.
ऑगस्ट होता. फेरीबोटीत धुरवलेल्या माशांचा वास.
नगरपालिकेच्या डेटाबेसात माणसं,
साप्ताहिकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं,
मधलं अंतर एंडला रोज चालत होती
दुपारी दोनला, हातात यादी,
पायात लोकरीचे मोजे, उन्हाळ्यातसुद्धा.
तिचं चालणं मी चाळीस ओळींत बसवलं.

दर पंधरा मिनिटांनी स्क्रिप्ट उठते,
विचारते: कुणी नवं?
तारीख भरलेली दिसली की नाव उचलते,
नात्यांच्या टेबलाकडे वळते,
बायको, मुलं, नातवंडं
एकाच्या ओळीला धरून दुसऱ्याची ओळ ओढत आणते,
साच्यात ओतते, काळी चौकट घालते
आणि पुन्हा झोपते.
एंडलाला दाखवलं. चष्मा पुसत ती म्हणाली,
"भराभर आहे."
कौतुक नव्हतं त्यात. तक्रारही नव्हती.

ऑक्टोबरात आर्वेटची होडी परतली,
म्हणजे वाऱ्याने आणून सोडली.
इंजिन बंद, जाळं अर्धं आत,
थर्मासचं झाकण उघडं.
तीन आठवडे शोधलं.
मग हिल्या कार्यालयात आली,
बूट ओले म्हणून दाराशीच थांबली.
मी फॉर्म उघडला.
नाव. जन्म. होडी.
निधनाची तारीख.

ती गप्प.
मी तो रकाना सोडून पुढे गेले.
लाल अक्षरं आली: हा रकाना अनिवार्य आहे.

अनिवार्य मीच केला होता तो,
ऑगस्टात, खिडकी उघडी ठेवून, चेरी खात खात.
तारीख नाही तर बातमी नाही,
इतका सरळ हिशेब होता माझा.

हिल्या म्हणाली, "चौदाला गेला असं लिहू नका.
चौदाला तो फक्त निघाला."

एंडला उभ्यानेच माझ्या खांद्यावरून वाकली
आणि भलत्याच रकान्यात, होडीच्या नावापुढे, टाईप केलं:
लुईसे, चौदा ऑक्टोबरपासून समुद्रावर.
मग मान वळवून, अगदी फोनवर विचारायची तशी,
"समुद्रावर, की समुद्रात?"
हिल्याने बराच वेळ घेतला.
"वर."

त्या रात्री कोडमध्ये 'अनिवार्य' खोडलं,
एक पायरी वाढवली:
छापण्याआधी थांब. एंडलाला कळव.
तिचा होकार येईपर्यंत कुणीही पानावर जाणार नाही.
संपादक रैमो कुरकुरला,
पंधरा मिनिटांचे कधी दोन दिवस होतात म्हणून.
मी सर्व्हरचं काहीतरी कारण सांगितलं.

एंडला आता निवृत्त.
बटाटे सोलताना फोन थरथरतो,
ती हात पुसते, वाचते,
कुणाला तरी फोन लावते, मग होकार देते.
आर्वेटची ओळ अजून तशीच आहे,
तारखेविना. स्क्रिप्ट तिच्यावरून
दिवसाला शहाण्णव वेळा जाते.

फेब्रुवारीत तिच्या स्वयंपाकघरात बसून मी विचारलं,
तू उचलला नाहीस तर?
पर्यायी क्रमांकाचा रकाना आहे, आणि तो रिकामा.
ती सोलत राहिली.
मग एकेक आकडा सांगू लागली,
मी लॅपटॉपवर भरत गेले.
पाच, तीन, शून्य, आठ,
सहाव्याशी माझी बोटं थबकली.
नंबर माझाच होता.

"अजून एक राहिलाय," एंडला म्हणाली.
"लिही."